मागल्या पडवीतले चार दिवस

माझा स्वभाव जळका आहे, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ते सांगायला नको. लहानपणी टाकव्याला थोरल्या बहिणीच्या परकराचा हेवा केला, लग्नात नणंदेच्या नथीचा केला, आणि लोणावळ्याला नांदायला आल्यावर पहिला हेवा केला तो सासूचा. कारण ऐकून लोक हसतात. सासू महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची, म्हणून माझ्या पोटात दुखायचं.

आमचं घर रेल्वेच्या चाळीत. दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. पडवीत कोळशाचं पोतं, मोडकं जातं आणि कोपऱ्यात एक घोंगडी. बाईची पाळी आली की घरात म्हणायचं, कावळा शिवला. मग ती बाई चार दिवस त्या घोंगडीवर. चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. माझ्या नाती आता म्हणतात, आजी, केवढा गं अन्याय! असेल बाई. पण मी तेव्हा नवी सून. अंधारात उठून पाणी भरायचं, इंजिनांच्या शेडात कामाला जाणाऱ्यांच्या भाकऱ्या थापायच्या, धुणं बडवायचं, आणि वर सासूचं ताट मागं नेऊन लांबून सरकवायचं. ती आपली भिंतीला टेकून, पाय पसरून, डोंगरावर उतरलेलं धुकं बघत बसलेली. चाळीतल्या तिच्या वयाच्या बायकांचं केव्हाच सुटलं होतं. हिचं चालूच. ताट सरकवताना मी मनात म्हणायचे, हिचं मेलं कधी सुटणार?

सुटलं एकदाचं. तोवर मला दोन मुलं झाली होती, आणि त्या घोंगडीची गोडी मलाही लागली होती. मी थोरली सून, उरलेला सगळा महिना घरात माझ्या नावाचा पुकारा असायचा. थोरले, पाणी. थोरले, मीठ. थोरले, माझी टोपी कुठं आहे? डोक्यावर असायची यांच्या! त्या चार दिवसांत मात्र कुणी हाक मारत नसे. मारून करतील काय, हात कशालाच लावायचा नाही म्हटल्यावर! मी भिंतीला टेकून बसायचे आणि घाटातून वर येणाऱ्या गाडीची धाप ऐकायचे. कुणी विचारलं असतं ना, माहेर हवं का हे चार दिवस हवेत, तर मी क्षणभर थांबून उत्तर दिलं असतं.

पुढं दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. तळेगावची. गोरी, नाजूक, बोलणं पुणेरी. ‘जाऊबाई, जरा येता का?’ असं म्हणायची, आणि तिच्या त्या ‘येता का’नं सासू विरघळायची. मी वीस वर्षं त्या घरात भाकऱ्या थापल्या, मला कुणी ‘येतेस का’ म्हटलं नव्हतं. डोळ्यांत खुपायला एवढं पुरे होतं.

माझी पाळी गेली ती धाकटी आल्यावर चार-पाच वर्षांनी. आधी दोन महिने चुकली तेव्हा माझी गाळणच उडाली. लेकीचं लग्न झालेलं, आणि आपण या वयात पाळणा हलवायचा? पण तसलं काही नव्हतं. हळूहळू कळलं की आता ती येणार नाही. तर खरं सांगते, मला पहिलं रडू आलं ते पडवीसाठी. पाळी गेली की बाई कायमची शुद्ध. शुद्ध म्हणजे काय, तर बारा महिने तेरा काळ चूल. आणि धाकटी दर महिन्याला घोंगडीवर, तिचं ताट लांबून सरकवायला मी! छे. हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझी तारीख आली तशी मी सरळ म्हणाले, "कावळा शिवला," आणि घोंगडी उचलली.

कुणालाही कळलं नाही. पाळीला घ्यायची चार कोरडी धडपी ओली करायची, पिळायची आणि दोरीवर जुन्या लुगड्याखाली वाळत घालायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. गौरी-गणपतीत आणि नवरात्रात तारीख जरा मागंपुढं करायचे, तेवढी देवाची भीती होती. बाकी मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या चार दिवसांवाचून त्या घराचं काय अडत होतं?

पण अंगानं माझं सोंग मान्य केलं नाही. पाळी गेली आणि तिच्या जागी आग आली. बसल्या बसल्या छातीतून एक लाट उठायची ती मानेवरून थेट कानांपर्यंत. लोणावळ्याच्या पावसात भिंतींना ओल आलेली, माणसं शेगडीभोवती, आणि मी पदर झटकत दाराशी. घामानं चोळी भिजायची आणि लगेच हुडहुडी भरायची. छाती धडधडायची. झोप तर पळूनच गेली. उगाच रडू यायचं, उगाच राग यायचा. एकदा आमटीत मीठ जास्त झालं असं हे म्हणाले, तर मी आमटीचं पातेलं उचलून मोरीत ओतलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिले.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "वयाचं आहे. सगळ्यांनाच होतं." हे शेडात फिटर होते. इंजिनाचा साधा आवाज बदलला तर कान लावून बसायचे, पण बायकोला झोप नाही तर म्हणे वयाचं आहे. सासूला सांगितलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमाला काय झालं न्हवतं व्हय?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुन्हा कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

आणि याच वेळी धाकटीचं कोडकौतुक सुरू झालं. तिचे दोन गर्भ टिकले नव्हते. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा दीर हट्टाला पेटला की हिला डॉक्टरीणबाईंना दाखवायचंच. फाटकापलीकडच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा पुण्याहून डॉक्टरीणबाई यायच्या, बायकांना तपासायला. धाकटीला एकटं कसं पाठवायचं? सोबत मी. दुसरं कोण असणार!

मी दाराजवळच्या बाकावर छत्री धरून बसायचे. आत पडदा होता, पण तो नीट लागत नसे. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, पांढरं पातळ नेसलेल्या. त्या धाकटीचा हात हातात घ्यायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय गं, झोप लागली का?"

झोप लागली का! अहो, ती मेली घोरते! पलीकडच्या खोलीत मी जागी, आणि भिंतीतून तिचं घोरणं ऐकू यायचं. आणि तिला विचारतायत, झोप लागली का. ती लाडात येऊन म्हणायची, "थोडी लागली." डॉक्टरीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. तो हात मला बाकावरून दिसायचा. मला दुधाचा हेवा वाटला नाही, डिंकाच्या लाडवांचा वाटला नाही, तिला चुलीपासून उठवून मला बसवलं त्याचाही फार वाटला नाही. मी जळत होते ती त्या एका प्रश्नावर आणि त्या हातावर. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलायचे नाही. ती विचारायची, "जाऊबाई, रागावलात?" मी म्हणायचे, "छत्री नीट धर."

एकदा वाटलं, उठावं आणि सरळ आत जाऊन बसावं. पण सांगू काय? मला मूल व्हायचं नव्हतं, ताप नव्हता, जखम नव्हती. नुसती आग दाखवायची कशी? पाऊल उचललंच गेलं नाही. बाकावर मात्र दर खेपेला मी तिच्याआधी जाऊन बसायचे.

थंडीत एक दिवस भाकरी थापता थापता मला अशी काही आग उठली की मी तशीच उठले आणि मागं जाऊन थंड पाण्याचा हंडा डोक्यावर ओतून घेतला. लुगड्यासकट. दात कडाकडा वाजतायत आणि वर मी म्हणतेय, अजून घाला गं पाणी! तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. नवरा घाबरला. बाहेरचं काही लागलं असणार, टाकव्याहून देवऋषी आणू, म्हणाला. चाळीतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या.

आत्याबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "देवऋषी बिवऋषी काय न्हाई. मी नेते तिला डाक्टरनीकडं."

माझा विश्वासच बसेना. धाकटी म्हणाली, "मी येऊ का सोबत?" मी म्हणाले, "काही नको." पहिल्यांदा पडद्याआड माझा नंबर लागणार होता. तिला मी बाकावरसुद्धा बसू दिलं नसतं.

दवाखान्यात गेलो. नाव पुकारलं आणि मी उठले, तर आत्याबाईही उठल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा हितं. त्या म्हणाल्या, "आता आले हाय तर येते की आत." आणि डॉक्टरीणबाईंनी बस म्हणायच्या आधीच स्टुलावर बसल्या. तिथंच माझं सगळं बिनसलं.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. ऊबदार, जरा खरखरीत हात. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. मी भडाभडा सांगायला लागले. आग, घाम, धडधड, रडू, पातेलं, हंडा. त्या मान हलवत होत्या, जणू ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकली होती. मग म्हणाल्या, "पाळी कधी गेली?"

 शेजारी स्टुलावर सासू. गेली म्हणावं, तर दोन वर्षांचं सोंग उघडं पडणार आणि पडवी कायमची हातची जाणार. घरात, चाळीत, टाकव्यात, सगळीकडं छीथू. धाकटी तर तोंडाला पदर लावून हसणार. म्हणजे डॉक्टरीणबाई हव्यात तर पडवी सोडायची, आणि पडवी हवी तर डॉक्टरीणबाईंना फसवायचं. मी खाली बघत म्हणाले, "येते की."

"येते? नेमानं?"

"दर महिन्याला. चार दिवस."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, गळा चाचपला. म्हणाल्या, "मग हे नुसतं वयाचं नाही. या वयात नेमानं अंगावर जातंय आणि त्यात हे सगळं होतंय, तर आत काही वाढतंय का ते बघायला हवं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. आठवडाभर राहावं लागेल. कदाचित ऑपरेशनही." आणि त्यांनी दौत जवळ ओढली.

पुणं! आमच्या चाळीतली एक बाई तशी पुण्याला गेली होती, ती परत आली नव्हती.  बोल, मी स्वतःला म्हणत होते, अगं बोल की. तोंड उघडेना. एवढे महिने धाकटीसारखं इथं बसायला मिळावं म्हणून जळले, आणि बसायला मिळालं तर माझंच खोटं मला पुण्याला धाडायला निघालं होतं.

"बाई, लिवू नका," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"तिचं जाऊन दोन वरसं झाली. फुडलं नवरात आलं की तीन. उगंच बसती ती भाईर."

मला वाटलं धरणी दुभंगावी. आत्याबाई मात्र तांदूळ निवडल्यासारख्या शांत. मी कशीबशी म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पयली तुझी जुनी लुगडी धडप्यांना पुरत न्हवती. आता बघ, दोन वरसांत दोन गोधड्या झाल्या की तुझ्या लुगड्यांच्या. आन् सणाला बरी तुला कधी कावळा शिवत न्हाई!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरले नाही. त्यांनी दौत बाजूला सारली, खुर्ची माझ्याजवळ घेतली आणि विचारलं, "बाहेर का बसता?"

"कुणी हाक मारत नाही म्हणून," मी म्हणाले आणि मोठ्यानं रडले. बाकावरच्या बायकांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तोच हात. "झोप लागते का?" त्यांनी विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, सावकाश, मी कुणी शाळेतली बाई असल्यासारखं. हे वेड नाही, बाहेरचं काही नाही आणि सोंगही नाही. आग खरीच असते. पाळी जाताना पुष्कळ बायकांना होते, काहींना फार होते, आणि वर्षा-दोन वर्षांत उतरते. रात्रीसाठी पुड्या दिल्या. चहा कमी करा, खिडकीखाली निजा, घट्ट चोळी घालू नका, आणि पुन्हा कधी अंगावर गेलं तर लगेच या, तेव्हा खोटं बोलू नका. शेवटी म्हणाल्या, "आणि महिन्यातून चार दिवस सक्तीची विश्रांती. तसं लिहून देते, घरी दाखवा."

"ऱ्हाऊ द्या बाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी कागदावर लिवून दिलं तर आमच्या घरात कोन ऐकनार न्हाई. कावळा शिवला म्हनलं की समदी ऐकत्यात."

आता मात्र डॉक्टरीणबाई हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी.

परत येताना फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या. माझ्या डोक्यात नुसता संताप. दोन वर्षं ही बाई माझं नाटक बघत होती, माझं ताट सरकवत होती, आणि तोंडानं म्हणे आम्हाला काय झालं नव्हतं! मी म्हणाले, "एवढं कळत होतं, तर घरात सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं? मी बी बसलेच की."

"काय?"

"तुझ्या थोरल्याच्या येळंला माझं गेलं हुतं. तरी बसत हुते. सात वरसं."

सात! माझ्या तोंडून आधी तेच निघालं. मी दोन वर्षांत घामाघूम झाले, आणि हिनं सात वर्षं पचवली! हेवा कसला मेला, कुठंही उगवतो. मी विचारलं, "इतकी वर्षं? आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"माझ्याकडं बघत कोन हुतं?" त्या म्हणाल्या.

मालगाडी आली आणि तिच्या धडधडाटात पुढं बोलणंच झालं नाही. मी होते की, बघत. ताट रोज मीच तर नेऊन देत होते. फाटक उघडलं तशा आत्याबाई पदर सावरून पुढं झाल्या आणि मी मागून चालायला लागले.

पुढच्या महिन्यात माझी तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी विश्रांती घ्यायला बजावलं होतं, तरी आता बाहेर बसायचा मला धीर होईना. तर सकाळी चुलीपाशी आत्याबाईंनीच सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "थोरलीला कावळा शिवलाय. तिला कुनी हाक मारू नका." नवरा मुकाट्यानं स्वतःची टोपी शोधायला लागला. धाकटी आता पोटानं अवघडलेली, ती माझ्याकडं बघून म्हणाली, "जाऊबाई, तुमचं आपलं बरं आहे." तिच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी आत्याबाई ताट घेऊन आल्या. लांबून सरकवलं नाही. घोंगडीच्या कडेला, कोळशाच्या पोत्याला टेकून बसल्या. चाळीत कुणी बघितलं असतं तर विटाळ झाला म्हणून गवगवा झाला असता. मी भाकरी मोडली. मग विचारलं, "आत्याबाई, तेव्हा तुमच्याही अंगाची आग व्हायची?"

"लय व्हायची."

"झोप?"

"कुटली झोप!"

"मग कुणाला सांगितलं?"

त्यांनी डोंगराकडं बघितलं. धुकं उतरत होतं. "आत्ता तुला सांगतीय न्हवं?" म्हणाल्या, आणि ताट माझ्याकडं जरा ढकलून म्हणाल्या, भाकरी गार व्हायच्या आत खा.